भव्य, जंगी आणि तारीख बारीक अक्षरात

कुस्तीच्या फडाचं जुनं पत्रक एकदा नीट वाचून बघा. कागद गुलाबी किंवा पिवळा, शाई एकच. वर डाव्या-उजव्या कोपऱ्यांत ग्रामदैवताचा जयजयकार, मध्ये गावाचं नाव, त्याखाली जाड अक्षरात ‘कुस्त्यांची जंगी दंगल’. मग तिथी आणि तारीख, वार, फड किती वाजता सुरू होणार ते. त्याखाली मुख्य मजकूर. पहिली कुस्ती इतक्या रुपयांची, अमुक पैलवान, तमुक तालीम, विरुद्ध तमका. दुसरी कुस्ती इतक्याची. पुढे उतरत्या क्रमाने आणखी पाच-सहा जोड, आणि शेवटी ‘बाकी कुस्त्या मैदानात जोड पाहून लावल्या जातील’. तळाला ‘आपले नम्र : समस्त गावकरी मंडळी’ आणि त्याखाली नजरेत न भरणाऱ्या टाइपात छापखान्याचं नाव.

हे पत्रक वाचून माणसाला सगळं कळायचं. बैलगाडी कधी जुंपायची, कोणाची कुस्ती चुकवायची नाही, पोराला आखाड्यात उतरवायचं तर किती वाजता पोचायचं. गावाने किती पट्टी जमवली याचाही अंदाज यायचा, कारण इनामाचे आकडे छापून गेले की फिरवता येत नसत. आकड्यात गडबड झाली तर पैलवान तेच पत्रक पंचांपुढे धरणार.

आता अलीकडच्या एखाद्या स्पर्धेचा फ्लेक्स पाहा. खेळ कोणताही असो, टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल किंवा गेल्या काही वर्षांत शहरात रुजलेला पूल. वर तीन महापुरुष, त्याखाली दोन मोठे नेते, मग ‘युवा नेतृत्व’, मग हात जोडलेले दहा-पंधरा कार्यकर्ते. मध्ये ‘भव्य’ हा शब्द आगीच्या ज्वाळांत पेटलेला. आणि स्पर्धा कधी, कुठे, किती वाजता, हे खालच्या निळ्या पट्टीत, तेही रस्त्याच्या पलीकडून वाचता येणार नाही अशा अक्षरात. प्रवेश फी कधी असते, कधी नसते. नियम तर कधीच नसतात.

या लेखाचा विषय तसा लहान आहे. नांदेड-लातूरकडे एखाद्या स्थानिक स्पर्धेचं पत्रक कसं तयार होतं आणि ते कोणासाठी तयार होतं, एवढाच. पूलची स्पर्धा हे निमित्त. पण पूल टेबलवाल्याने पत्रक करायला घेतलं की त्याच्या हाताशी जो नमुना येतो तो आमदार चषकाचा असतो, फडाचा नसतो. माझ्या मते त्याने फडाचं पत्रक समोर ठेवायला हवं.

मराठवाड्यात स्पर्धेची जाहिरात करण्याची विद्या जत्रेतून आली. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते. घोडे, उंट, गाढवं, कलावंतांच्या राहुट्या आणि कुस्त्या. नांदेड जिल्हा परिषद तिची व्यवस्था पाहते. लातुरात सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला सुरू होते, तिथेही कुस्तीचं मैदान असतं. या दोन मोठ्या यात्रांच्या मधल्या काळात खेड्याखेड्यांतल्या लहान जत्रा आणि उरूस येतात आणि प्रत्येकाच्या शेवटच्या दिवशी फड ठरलेला. रेवड्यांवर आणि नारळावर लागणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात, दिवस मावळता मावळता शेवटची मोठी कुस्ती, आणि सबंध वेळ हलगी.

अशा ठिकाणी गर्दी खेचतं ते पैलवानाचं नाव. लातूर जिल्ह्याकडे या बाबतीत तोटा नव्हता. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं. काका पवार लातूरचेच. त्यांनी पुण्यात तालीम उभी केली आणि जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली तेव्हा समोरासमोर उभे राहिलेले दोघेही त्यांचेच पठ्ठे होते, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. गदा सदगीरने नेली. आपल्या भागातलं असं एखादं नाव पत्रकावर पहिल्या ओळीत आलं की वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही. पाटील, सरपंच, चेअरमन यांची नावं असत, पण तळाला. पत्रकाचा मधला सगळा भाग पैलवानांचा.

हा क्रम कोणाच्या सुसंस्कृतपणामुळे टिकला होता असं मला वाटत नाही. तो छापखान्यामुळे टिकला होता.

ट्रेडल मशीनच्या काळात प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. कंपोझिटर केससमोर उभा राहून स्टिकमध्ये एकेक ओळ जुळवायचा, मोठ्या मथळ्यासाठी लाकडी टाइप काढायचा, मग फर्मा आवळून मशीनवर. एक पाय पॅडलवर, एक हात कागद घालणारा आणि दुसरा काढणारा. फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक हवा आणि तो मोठ्या शहरातून करून आणावा लागे. त्याला पैसे पडत आणि दिवसही जात. म्हणून पत्रकावर फोटो असलाच तर एक, बहुधा देवाचा, कारण देवाचे ब्लॉक छापखान्यात कायमचे तयार असत. सरपंचाला आपला चेहरा छापावा असं वाटत नसेल असं नाही. परवडत नव्हतं.

कागदाचाही हिशोब पक्का होता. डेमी कागदाची एक रिम म्हणजे पाचशे ताव. तावाचे आठ तुकडे केले की हाताच्या पंजाएवढं पत्रक निघतं. धंद्यातले लोक त्याला ‘वन-एट’ म्हणतात. एका रिममध्ये चार हजार पत्रकं. पंचक्रोशीतल्या वीस-पंचवीस गावांना, चार आठवडी बाजारांना आणि एसटी स्टँडला तेवढी पुरतात. रंगीत कागद घेतला की शाई एकच असूनही पत्रक उठून दिसतं. दोन रंगांत छापायचं म्हणजे तोच कागद दोनदा मशीनखालून काढायचा, म्हणजे जवळपास दुप्पट खर्च. त्यामुळे लाल मथळा आणि निळा मजकूर ही श्रीमंत गावाची खूण होती.

नांदेडला आणखी एक पेच होता आणि अजून आहे. हे शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, दरबारी भाषा उर्दू. गोदावरीकाठी सचखंड हुजूर साहिब, त्यामुळे पंजाबीही घरची. देगलूर-बिलोलीकडे गेलं की तेलुगू आणि कन्नड कानावर येतात. इथल्या स्पर्धेच्या पत्रकाला एक लिपी पुरत नाही. गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने खालसा हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, तिला बाहेरचे संघ येतात आणि बघणाऱ्यांत सगळे मोहल्ले असतात. देगलूर नाक्याच्या किंवा इतवाऱ्याच्या बाजूला उर्दू मजकूर नसलेलं पत्रक म्हणजे अर्ध्या गिऱ्हाइकाला न दिलेलं आमंत्रण.

उर्दूची छपाई ही खिळ्यांची गोष्टच नव्हती. नस्तालिक अक्षरं वरून खाली तिरकी उतरतात, एकमेकांच्या खांद्यावर बसतात, ती शिशात नीट बसत नाहीत. म्हणून कातिब बोरूने मजकूर लिहायचा आणि तो शिळाछापावर जायचा. मुशायऱ्याचं भित्तीपत्रक असो की कव्वालीच्या मुकाबल्याचं, त्यातली अक्षरं एका माणसाच्या हातची असत. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि कातिबाचा धंदा बसला. आज डीटीपीवाला उर्दू ओळ इनपेजमध्ये टाइप करतो, तिचं चित्र करून कोरलड्रॉमध्ये आणतो आणि मराठी मजकुराशेजारी ठेवतो. त्याला स्वतःला उर्दू वाचता येत नसेल तर ती ओळ उलटी लागली तरी त्याला कळत नाही. म्हणून शहाणा आयोजक छपाईला जाण्याआधी उर्दू वाचणारा एक माणूस प्रूफाला बसवतो.

मराठीचं तरी सुखाने चाललं आहे असं समजू नका. आयोजक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो युनिकोडमध्ये असतो. बऱ्याच छापखान्यांत मात्र सगळं काम श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालतं, आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड देवनागरी धड उमगत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, रफार हवेत राहतो. मग कन्व्हर्टर लावायचा किंवा पुन्हा टाइप करायचं. घाईत कन्व्हर्टर लावला की ‘स्पर्धा’ ठीक येते आणि ‘पारितोषिक’ला खोट येते. एवढ्या भानगडीत तारीख तपासायची राहून जाते. चुकलेल्या तारखेवर कागदाची पट्टी चिकटवून वाटलेलं पत्रक कोणी पाहिलं नाही?

ऑफसेट आल्यावर फोटो छापणं स्वस्त झालं. प्लेटवर अक्षर जातं तसाच चेहरा जातो, वेगळा ब्लॉक नको. पुढे फ्लेक्स आला. त्यात तर दर चौरस फुटाचा. दहा बाय आठ म्हणजे ऐंशी फूट, आत एक चेहरा घाला की चाळीस, पैसे तेवढेच. तिथून पत्रकाचा मालक बदलला. आधी ज्या जागी पैलवानांच्या जोड्या होत्या तिथे आता बक्षीस देणाऱ्यांच्या रांगा आल्या. पहिलं पारितोषिक अमुक साहेबांकडून, दुसरं कैलासवासी तमुक यांच्या स्मरणार्थ, चषक ज्वेलर्सकडून, टी-शर्ट क्लासेसकडून, पाण्याचे जार अमुक दादा मित्रमंडळाकडून. प्रत्येकाला नाव हवं, नावाला फोटो हवा, आणि फोटो शेजारच्यापेक्षा बारीक असता कामा नये.

डिझाइन करणारा पोरगा यातला सगळ्यात बिचारा प्राणी. रात्री अकराला आयोजकाचा फोन येतो की एक फोटो राहिला. साडेअकराला दुसरा, की अण्णांचा फोटो भाऊंच्या खाली चालणार नाही. बाराला तिसरा, की फेटा घातलेला टाका, हा जुना आहे. फोटो येतो तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेला. मोबाइलवर स्वच्छ दिसतो, फ्लेक्सवर चेहऱ्याऐवजी चौकटी दिसतात. (फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो दबत नाही, हे राज्यातल्या तमाम मित्रमंडळांना कोणीतरी एकदा सांगायला हवं.) या धबडग्यात तो पोरगा जागा कुठून काढणार? मजकुराकडूनच काढतो. मजकूर फोन करून तक्रार करत नाही.

मी वर्गणी देणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्या पैशाशिवाय स्पर्धा होत नाही आणि नाव छापून यावं ही त्याची अपेक्षा रास्त आहे. पण फडाच्या पत्रकानेही हे साधलं होतंच. तिथे इनाम देणाऱ्याचं नाव कुस्तीच्या ओळीतच यायचं, अमुक यांच्याकडून इतक्याची कुस्ती. नाव खेळाला बांधलेलं असे. आता ते खेळापासून सुटलं आहे.

आता पूलकडे येऊ.

लातूर आणि नांदेड ही दोन्ही क्लासेसची शहरं. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगरच्या बाजूला बाहेरगावची हजारो पोरं खोल्या करून राहतात. त्यांच्या जिवावर मेस चालतात, झेरॉक्स चालतात, अभ्यासिका चालतात आणि वरच्या मजल्यावर, बहुधा काळ्या काचेमागे, एखादा पूल-स्नूकरचा हॉलही चालतो. तिथे तासावर किंवा फ्रेमवर पैसे. बहुतेक ठिकाणी हरणाऱ्याने टेबलचे द्यायचे हा अलिखित नियम. खेळणारे सगळे विद्यार्थी नसतात. मोंढ्यातली तरुण पोरं, मेडिकलवाले, सुट्टीवर आलेला फौजीही असतो. पण गावात नाव झालं आहे ते टवाळ पोरांचा अड्डा म्हणून. एखाद्या पालकाला कळलं की चिरंजीव फिजिक्सच्या तासाला न जाता तिकडे होते, तर त्या हॉलची अब्रू पुढची दोन वर्षं गेली.

म्हणून पूलच्या स्पर्धेचं पत्रक दोन वाचकांना एकाच वेळी वाचून दाखवायचं असतं. एक खेळाडू, दुसरा त्याचा बाप. टेबलवाला बापाच्या समाधानासाठी उद्घाटक शोधतो. नगरसेवक, पोलिस खात्यातला एखादा अधिकारी, क्रीडाशिक्षक. ‘यांच्या शुभहस्ते’ या दोन शब्दांनी हॉलवरची काळी काच थोडी पारदर्शक होते असा त्याचा हिशोब असतो आणि तो अगदीच चुकीचा नाही.

पण त्याच्यापाशी याहून भक्कम नावं आहेत, ती तो वापरत नाही. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता हा हिरव्या टेबलाने दिलेला आहे आणि तो जन्माने पुण्याचा. विल्सन जोन्स. १९५८ साली कलकत्त्याला त्यांनी बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ मध्ये जगज्जेते झाले, नंतर १९८१ आणि १९८३ लाही. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, मग तो बंगळुरूत वाढला आणि दोहा व ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धांत त्याने बिलियर्ड्सचं सुवर्ण घेतलं. स्नूकर तर आपल्या शेजारचाच. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो शोधून काढला. पूल हा प्रकार अमेरिकी वळणाचा, पण २०१० च्या आशियाई खेळांत ८-बॉल आणि ९-बॉल या दोन्हींची पदकं दिली गेली होती. पत्रकाच्या कोपऱ्यात विल्सन जोन्स यांचं एक वाक्यात नाव आलं, तर बापाला उत्तर मिळतं आणि उद्घाटकाच्या फोटोएवढी जागाही लागत नाही.

खेळाडूला काय हवं असतं? त्याला सगळ्यात आधी खेळ कोणता ते हवं. पत्रकावर ‘पूल टुर्नामेंट’ लिहून चित्र मात्र पंधरा लाल चेंडूंच्या त्रिकोणाचं लावलेलं असतं. तो स्नूकर झाला. ८-बॉलमध्ये एक ते सात अखंड रंगाचे, नऊ ते पंधरा पट्ट्यांचे आणि आठवा काळा. तयार चित्रांच्या साठ्यातून जे पहिलं दिसलं ते उचललं की असं होतं, आणि मुरलेला खेळाडू ते चित्र बघूनच ठरवतो की आयोजकाला खेळ कळत नाही.

मग सामना किती फ्रेमचा. टेबल किती फुटी. काळा चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगायचं की नाही. फाउल झाला तर समोरच्याला पांढरा चेंडू हवा तिथे ठेवू देणार की फक्त रेषेमागून. हे चार मुद्दे आधी छापले नाहीत तर पहिल्या फेरीतच भांडण. प्रत्येक हॉलचा स्वतःचा कायदा असतो आणि वजिराबादला जे चालतं ते तरोडा नाक्यावर चालेलच असं नाही. लातूरहून नांदेडला खेळायला आलेल्या पोराला तर हे सगळंच परकं.

वेळेचा हिशोब तर कोणी मांडतच नाही. तो अवघड नाही. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक जण घरी जातो, म्हणून बत्तीस खेळाडू असतील तर एकतीस सामने होणार. तीन फ्रेम आधी जिंकेल तो पुढे, असा सामना सरासरी चाळीस मिनिटं धरा. एकतीस गुणिले चाळीस म्हणजे बाराशे चाळीस मिनिटं, वीस तास चाळीस मिनिटं. हॉलमध्ये दोन टेबलं असतील तर दहा तासांच्या वर. सकाळी दहाला सुरू म्हणून छापलं, उद्घाटक साडेबाराला आले, तर अंतिम सामना रात्री अकराच्या पुढे. तोवर लातूरची शेवटची गाडी गेलेली. म्हणून ‘पहिल्या सोळा जणांनाच प्रवेश’ ही ओळ पत्रकावर ‘भव्य’ या शब्दाइतक्याच मोठ्या टाइपात हवी. सोळांचे पंधरा सामने, दोन टेबलांवर पाच-साडेपाच तासांत आटोपतात. किंवा सरळ दोन दिवस ठेवा आणि कोणी कोणत्या वेळी यायचं ते नावानिशी छापा. फडाच्या पत्रकात जोड छापल्या जायच्या, तसंच. ड्रॉ आधी काढला तर पत्रक आपोआपच वाचनीय होतं, कारण प्रत्येक खेळाडू स्वतःच्या नावाची ओळ शोधतो, मित्रांना दाखवतो आणि स्पर्धा फुकटात गावभर होते.

बक्षिसाच्या आकड्यावर एक शब्द. आपल्याकडे शकुनाचा एक लावतात, म्हणून ५,००१, ११,१११, २१,००१. छान दिसतं. पण बत्तीस जणांकडून तीनशे रुपये फी घेतली तर जमतात नऊ हजार सहाशे. वर २१,००१ छापलं आणि सौजन्यवाल्याने ऐनवेळी हात वर केले, तर फरक टेबलवाल्याच्या खिशातून किंवा विजेत्याच्या हक्कातून जाणार. बहुतेक वेळा दुसरंच होतं, विजेत्याला पाकीट मिळतं आणि आकड्याबद्दल ‘नंतर बसू’ असं सांगितलं जातं. जमलेल्या फीमधून बक्षीस देणार असाल तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही.

या पैशाच्या संदर्भात टेबलवाल्यांना धाकधूक असते ती कायद्याची. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि त्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळलेलं आहे. पण टेबलाच्या बाजूला उभं राहून लावलेल्या पैजांना त्या कलमाची ढाल नाही. पत्रकावर ‘पैज लावणाऱ्यास बाहेर काढले जाईल’ अशी ओळ टाकणारा आयोजक एकाच वेळी पोलिसांशी आणि पालकांशी बोलत असतो. ती ओळ फुकट आहे, ती टाकावी.

फ्लेक्सच्या मागेही कायदा आहे, पण तो बहुतेकांना हटवायची गाडी आली की आठवतो. सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून १७ माणसं गेली, त्यानंतर काही दिवस सगळीकडे परवानग्या तपासल्या गेल्या. बिनपरवाना फ्लेक्स एका रात्रीत उतरतो आणि त्याबरोबर जाहिरातीचा सगळा खर्च. कागदाचं पत्रक मात्र ज्याच्या खिशात गेलं त्याचं झालं.

पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव येई, तेही नुसत्या हौसेने नव्हे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण सक्तीचं केलं होतं. १८५७ नंतर दहाच वर्षांनी आलेला कायदा, हेतू उघड आहे. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि तो नियतकालिकांपुरता आहे. निवडणुकीच्या पत्रकांना मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ खाली मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं आजही लागतात. म्हणजे आमदारांच्या प्रचारपत्रकावर छापखाना दिसेल, आमदार चषकाच्या पत्रकावर दिसेलच असं नाही.

वाटपाची रीत दोन्ही शहरांत सारखी. पहाटे चार-साडेचारला पेपरवाले एकत्र येतात, गठ्ठे सुटतात, पुरवण्या घातल्या जातात. तिथेच प्रजावाणीच्या, एकमतच्या किंवा मोठ्या दैनिकांच्या घडीत पत्रक जातं, हजारामागे ठरलेला दर देऊन. पूलच्या बाबतीत हा पैसा मला वाया वाटतो. पेपर उघडतो बाप, आणि त्याच्या मांडीवर पडणारा पहिला कागद पूलचा असू नये. लातूरमध्ये गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, तिथे उभं राहून वाटलेली पत्रकं दुपारपर्यंत भेळेच्या पुड्यांत जातात. त्यापेक्षा मेसच्या भिंती, झेरॉक्सचं काउंटर, जिमचा आरसा, सलूनमधली खुर्ची. केस कापताना माणूस वीस मिनिटं समोरचाच कागद वाचतो. पाचशे पत्रकं या चार ठिकाणी गेली तर चार हजारांपेक्षा जास्त काम करतात. ए-५ आकार, जरा जाड आर्ट पेपर, मागच्या कोऱ्या बाजूला नियम आणि फी भरण्याचा क्यूआर कोड. एवढ्यात झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र अर्थातच सगळ्यांत पुढे पळतं आणि त्याला खर्च नाही. पण ते पुढे पळतं म्हणजे मागचं पुसलं जातं. तारीख बदलली की तेच चित्र नव्या तारखेने फिरतं, जुनंही फिरत राहतं, आणि दोन रविवारी खेळाडू येऊन परत जातात. फडाच्या पत्रकातला आकडा बदलता येत नव्हता आणि त्याची किंमत तिथेच होती. म्हणून चित्र जरूर पाठवा, पण छापलेल्या पत्रकाचाच फोटो काढून पाठवा. दोन मजकूर वेगळे ठेवू नका.

शेवटी एक मागणी आहे, ती आयोजकांकडे. कुस्तीच्या पत्रकांनी आणि पूलच्या फ्लेक्सनी एक गोष्ट सारखीच चुकवली. स्पर्धा होणार हे छापलं, ती झाली हे कधी छापलं नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या हॉलमध्ये दहा वर्षांपूर्वी कोण जिंकलं, अंतिम फेरीत कोणाला हरवलं, मैदानातली शेवटची कुस्ती कोणी मारली, हे सांगणारा कागद सापडत नाही. जिंकणाऱ्याच्या घरी चषक असतो आणि त्याच्यावर बक्षीस देणाऱ्याचं नाव असतं. तेव्हा येत्या मोसमात पत्रकाचे पैसे काढाल तेव्हा थोडे बाजूला ठेवा आणि स्पर्धेनंतर आठ दिवसांत निकालाचं एक पत्रक छापा. सगळ्या फेऱ्या, सगळी नावं, प्रत्यक्ष दिलेलं बक्षीस. एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या, एक स्वतःच्या हॉलच्या भिंतीवर लावा, बाकीच्या खेळाडूंना. एका रंगात, वन-एट साइज, फोटो नको. दोनशे प्रती पुरतात.